मेजावरचा मेलेला पाहुणा: मेणबत्त्यांच्या उजेडात ब्लॅक कॉमेडी कशी चित्रित करावी

एक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा इंग्लंडमधला राजवाडा, रात्रीचं जेवण. मेजाच्या टोकाला राणी बसली आहे. राणी उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही, हा दरबारी रिवाज. डावीकडच्या तिसऱ्या खुर्चीतला म्हातारा सरदार जेवता जेवता मेलेला आहे. शेजाऱ्यांना ते कळलंय, पण राणीचं जेवण अजून चालू आहे, म्हणून सगळे जेवत राहतात.

असा प्रसंग फसतो तो बहुधा एका कारणाने. दिग्दर्शक मेलेल्या माणसाचा क्लोजअप लावतो, मग शेजारणीचा घाबरलेला चेहरा, मग राणी. प्रेक्षकाला काय बघायचं ते सांगितलं जातं आणि हसू तिथेच मरतं. ब्लॅक कॉमेडीत, म्हणजे मरणासारख्या गंभीर गोष्टीवरच्या विनोदात, प्रेत प्रेक्षकाला स्वतःला सापडावं लागतं. त्यासाठी पुढचा पाहुणा, मधलं प्रेत आणि मागची राणी एकाच फ्रेममध्ये, एकाच वेळी, स्पष्ट दिसायला हवेत, तेही फक्त मेणबत्त्यांच्या उजेडात. लेन्स, मेणबत्त्यांची संख्या, खुर्च्यांची जागा, नोकराची चाल हे सगळं या एका गरजेतून ठरतं.

लेन्स आधी ठरवा

मेणबत्तीच्या उजेडाचं नाव निघालं की सगळे स्टॅन्ली कुब्रिकच्या १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’वर येतात. छायालेखक जॉन ऑलकॉट यांनी त्यात झाइस कंपनीने नासासाठी बनवलेली ५० मिमी, एफ ०.७ लेन्स वापरली होती. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अॅपर्चर, मोठं आणि उजेड जास्त. फिल्म १०० एएसएची होती (एएसए म्हणजे उजेडाला फिल्म किती संवेदनशील ते), ती एक स्टॉप पुश करून, म्हणजे डेव्हलप करताना वाढवून, २०० धरली. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. सेकंदाच्या ४८ व्या भागाच्या शटरला त्यासाठी साधारण ३० लक्स उजेड लागतो (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक). पण त्या लेन्सची डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसची खोली, फार कमी. माणूस दोन मीटरवर असेल तर जेमतेम सहा सेंटिमीटर. नाक फोकसमध्ये घेतलं तर कान मऊ पडतो. म्हणून त्या प्रसंगांतली माणसं जवळजवळ चित्रासारखी स्थिर बसलेली दिसतात, आणि फोकस धरायला बाजूने काटकोनात व्हिडिओ कॅमेरा लावावा लागला होता. त्या सिनेमाच्या संथ, चित्रमय मांडणीला हे शोभून दिसतं. आपल्या मेजाला ते चालणार नाही, कारण आपल्याला तीन थर स्पष्ट हवेत.

दुसरी वाट योर्गोस लँथिमॉसच्या २०१८ च्या ‘द फेव्हरिट’मध्ये दिसते. छायालेखक रॉबी रायन यांनी ३५ मिमी फिल्मवर नैसर्गिक उजेड, मेणबत्त्या आणि अतिशय वाइड लेन्स वापरल्या, त्यात ६ मिमीची फिशआयही होती. सगळी खोली फ्रेममध्ये येते, माणूस त्या खोलीत एकटा आणि कोंडलेला दिसतो, आणि मागे उभा असलेला नोकरही फ्रेमबाहेर जात नाही.

आकडे बघा. सुपर ३५ सेन्सरवर (सिनेमा कॅमेऱ्याचा नेहमीचा आकार) १२ मिमी लेन्स, एफ २, फोकस दोन मीटरवर: साधारण १.२ मीटरपासून ६.५ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट. त्याच अॅपर्चरला १८ मिमी घेतली तर १.५ ते २.९ मीटर. म्हणजे राणी गेली. हे हिशेब ०.०२५ मिमीच्या सर्कल ऑफ कन्फ्यूजनचे आहेत, म्हणजे सेन्सरवर बिंदू एवढा पसरला तरी तो स्पष्टच मानला आहे. 4के मॉनिटरवर डोळा अधिक कडक असतो, तेव्हा दोन्ही टोकांना थोडी जागा सोडूनच माणसं बसवा.

आपल्या प्रसंगाला १२ मिमी, सरळ रेषा सरळ ठेवणारी लेन्स पुरते. फिशआय मेजाच्या कडा धनुष्यासारख्या वाकवते. वेड लागलेल्या दरबारासाठी ते जमेल, पण या प्रसंगात सगळे शिष्टाचार पाळत आहेत. मेज सरळ राहिलेलं बरं.

लेन्स एफ १.४ ची असली तरी एफ २ वरच ठेवा. पूर्ण उघड्या वाइड लेन्समध्ये कोपऱ्यातल्या ज्योतीला पंख फुटतात, ती ज्योत न दिसता उडणाऱ्या पाखरासारखी दिसते. याला कोमा म्हणतात, आणि काळ्या पार्श्वभूमीवरच्या ठिणगीएवढ्या उजेडात तो सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो. लेन्ससमोरचे सगळे सपाट फिल्टर काढून टाका, यूव्हीसुद्धा. फिल्टर ठेवलात तर प्रत्येक ज्योतीचं उलटं भूत फ्रेमच्या विरुद्ध बाजूला तरंगताना दिसेल. ते एडिटिंगमध्ये पुसत बसणं म्हणजे आठवड्याचं काम.

उजेडाचा हिशेब

साधी मेणबत्ती साधारण एक कँडेला उजेड देते. म्हणजे एक मीटरवर एक लक्स. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट: ७० सेंटिमीटरवर दोन, ५० वर चार, ३० वर अकरा लक्स. दोन मीटरवर पाव लक्स, म्हणजे काहीच नाही. एवढं पाठ असलं की सेटवर अंदाज चुकत नाही.

आता कॅमेऱ्याची गरज. आयएसओ म्हणजे एएसएसारखीच कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता. शटर सेकंदाचा ५० वा भाग धरला तर पूर्ण एक्स्पोजरसाठी लागणारा उजेड असा:

आयएसओ ८००: एफ १.४ ला ३१ लक्स, एफ २ ला ६२ लक्स.
आयएसओ ३२००: एफ १.४ ला ८ लक्स, एफ २ ला १६ लक्स.
फिल्म ५०० ची, एक स्टॉप पुश करून १०००, शटर ४८ वा भाग: एफ १.४ ला २४ लक्स.

मेणबत्तीचा प्रसंग पूर्ण एक्स्पोज करायचा नसतो. चेहरा एक स्टॉप खाली ठेवला की रात्र रात्रीसारखी वाटते. म्हणजे आयएसओ ३२०० आणि एफ २ ला चेहऱ्यावर आठ लक्स आले की काम झालं. पाच शाखांचं शमादान ७० सेंटिमीटरवर ठेवलं तर दहा लक्स येतात. बरोबर बसतं.

डिजिटल कॅमेऱ्याला दोन मूळ आयएसओ असतील तर वरचा वापरा. खालच्यावर शूट करून नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंग-उजेड जुळवताना, उजळवणं ही सर्रास होणारी चूक आहे. मेणबत्तीचा रंग साधारण १९०० केल्व्हिनचा, त्यात निळा प्रकाश नावापुरताच. नंतर उजळवलंत की निळ्या चॅनेलमधली सगळी दाणेदार घाण सावलीत वर येते. त्याच कारणाने व्हाइट बॅलन्स १९०० वर नेऊ नका. २६०० ते २८०० वर ठेवा. चेहरा ऊबदार राहतो, लोणच्यासारखा लाल होत नाही. ऑटो तर कधीच नको. नोकर मेणबत्ती घेऊन फ्रेममध्ये आला की रंग बदलतो आणि तो टेक गेला.

मॉनिटरवर रेक ७०९ (टीव्हीच्या नेहमीच्या रंगमानकातलं) चित्र बघताना चेहऱ्यांची उजळता ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास हवी, मागची भिंत ५ ते १०. ज्योत जळून पांढरी होणारच, ती वाचवायला अॅपर्चर बंद करू नका.

वाइड लेन्सची एक मोठी अडचण: फ्रेमबाहेर काही लपवता येत नाही. १२ मिमीला आडवा कोन ९० अंशांच्या वर जातो. स्टँड, बूम (लांब दांड्यावरचा माइक), फोकस सांभाळणारा फोकस पुलर, सगळे दिसतात. म्हणून उजेड फ्रेमच्या आतच ठेवावा लागतो. जे थोडं लपवता येतं ते असं: शमादानाच्या मागे, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला, जास्तीच्या दोन मेणबत्त्या, फुलदाणीमागे एक, आणि कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी ताटात दहा-दहा मेणबत्त्या, मागे पांढरा बोर्ड. त्या काळी भिंतीवरच्या मेणबत्तीमागे चकचकीत पत्रा किंवा आरसा असायचा. तोच वापरा, त्या बाजूचा उजेड जवळजवळ दुप्पट होतो आणि काळालाही धरून राहतं. आरशात कॅमेरा दिसत नाही ना, हे मात्र प्रत्येक टेकआधी बघा.

एलईडी मेणबत्त्या मागच्या खोलीत चालतील, पण आधी तुमच्याच शटरवर टेस्ट करा. स्वस्त एलईडी सेकंदाला अनेकदा चालू-बंद होते आणि चित्रात पट्टे सरकताना दिसतात. खऱ्या ज्योतीला हा त्रास नाही.

कोणत्या मेणबत्त्या, आणि कोणाच्या घरात

आपला प्रसंग राणी अॅनच्या काळातला. तिने १७०२ ते १७१४ राज्य केलं, आणि १७०९ मध्ये इंग्लंडमध्ये मेणबत्त्यांवर कर बसला. तो १८३१ पर्यंत होता. म्हणजे खोलीतल्या मेणबत्त्यांची संख्या हीच त्या घराची श्रीमंती. राणीच्या मेजावर मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या, नोकरांच्या जिन्यावर चरबीची एकच, धूर सोडणारी. दाराआडच्या अंधाऱ्या खोलीत तशी एक मिणमिणती ज्योत ठेवली तर संवाद न लिहिता सगळी उतरंड दिसते.

पॅराफिन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आलं. कॅमेऱ्याला पॅराफिन आणि मेण यांतला फरक दुरून कळत नाही, तेव्हा पॅराफिन बिनधास्त वापरा, फक्त रंगीत, सुगंधी किंवा पीळदार नको. किंचित पिवळट पांढरी घ्या.

एक तपशील मात्र सोडू नका. आपोआप वाकून जळून जाणारी विणलेली वात एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी, विशेषतः चरबीच्या मेणबत्तीची, वात जळत जाई तशी लांब होई, काजळी धरे, आणि नोकराला दर थोड्या वेळाने कात्रीसारख्या चिमट्याने ती कातरावी लागे. म्हणजे मेजाभोवती फिरणारा नोकर हा इतिहासानेच हातात दिलेला नट आहे. कोणी कुजबुजत भांडत असेल, कोणी मेलेलं असेल, वात कातरणं थांबत नाही. जेवणाच्या मेजावर मेणाच्या मेणबत्त्या असल्या तरी हे काम अधूनमधून चालू ठेवा.

नवीन मेणबत्ती कॅमेऱ्यासमोर पेटवून लगेच शूट करू नका. दहा मिनिटं जळू द्या. मेणाचं तळं झालं, वात वाकली की ज्योत पूर्ण उंचीला येते. तोपर्यंत ती अर्धाच उजेड देते आणि तुमचा सगळा हिशेब चुकतो. वात पाच-सहा मिलिमीटर ठेवा. त्याहून लांब झाली की काजळी उडते. दोन वातींची मेणबत्ती जास्त उजेड देते, पण झपाट्याने संपते.

दोन सेंटिमीटर जाडीची मेणबत्ती ताशी साधारण अडीच सेंटिमीटर जळते. एका प्रसंगाला दिवसभर लागला तर पहिल्या शॉटला उंच आणि शेवटच्याला बुटकी. म्हणून तीन उंचीचे तीन संच तयार ठेवा, प्रत्येक सेटअपला मोबाइलवर फोटो काढा, शमादानाच्या खालच्या बाजूला खडूने नंबर घाला. कट झाला की मेणबत्त्या ज्योतीवर ठेवायच्या धातूच्या टोपीने विझवा. फुंकलं की मेण मेजावर उडतं आणि धूर फ्रेममध्ये राहतो. धुराकडेही लक्ष हवं: चार-पाच टेकनंतर खोलीत पातळ धुकं भरतं, काळा रंग राखाडी होतो, आणि टेक एक व टेक सहा एकमेकांना जुळत नाहीत. दर दोन टेकनंतर पाच मिनिटं दारं-खिडक्या उघडा. मग पुन्हा बंद करून हवा थांबू द्या. झुळूक असली की ज्योत एका बाजूला कलते, मेण एकाच अंगाने ओघळतं, आणि चेहऱ्यावरच्या सावल्या उगाच नाचतात.

तो एक शॉट

मेज तीन मीटर लांब, एक मीटर रुंद. कॅमेरा अलीकडच्या टोकाला, मेजापासून अर्ध्या-पाऊण मीटरवर, जमिनीपासून १०५ सेंटिमीटर उंच. त्याहून वर नेलात तर ताटं दिसतात, माणसं नाही; खूप खाली नेलात तर शमादानं चेहरे झाकतात. कॅमेरा काटेकोर लेव्हलमध्ये हवा. वाइड लेन्स जराशी वर कलली की उभ्या भिंती आत कोसळताना दिसतात.

पहिला पाहुणा कॅमेऱ्यापासून १.४ मीटरवर, पण अगदी कडेला नको, नाहीतर त्याचं डोकं भोपळ्यासारखं ताणलं जातं. हा ताण कोणाच्या वाट्याला द्यायचा हे ठरवूनच बसवा. आत्मसंतुष्ट, बडबड्या सरदाराला तो शोभतो. राणी समोरच्या टोकाला, बरोबर मध्यभागी, साडेतीन मीटरच्या पुढे. मध्यावर वाइड लेन्सही चेहरा वाकवत नाही, म्हणून तीच सगळ्यांत शांत आणि सगळ्यांत लहान दिसते. तिच्यासमोर ५० सेंटिमीटरवर दोन मेणबत्त्या: आठ लक्स.

पाच शाखांची दोन शमादानं मेजाच्या मध्यरेषेवर. पुढे झुकून जेवणारे पाहुणे त्यांपासून ७० सेंटिमीटरवर येतात, त्यांना दहा लक्स मिळतात. मेलेला सरदार खुर्चीत मागे रेलून पडलेला, त्याचा चेहरा जवळच्या शमादानापासून १.२ मीटरवर. त्याला मिळतात साडेतीन लक्स, म्हणजे पूर्ण एक्स्पोजरपेक्षा दोन स्टॉपहून खाली. तो दिसतो, पण डोळा तिथे थांबत नाही. प्रेक्षकाला वाटतं, म्हातारा पेंगतोय.

विसाव्या सेकंदाला नोकर डावीकडून वाइन ओतायला येतो. एका हातात सुरई, दुसऱ्यात एकच मेणबत्ती. तो वाकतो, मेणबत्ती सरदाराच्या चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर येते. अकरा लक्स त्या साडेतीनमध्ये मिळून चेहरा एकदम उजळतो, जवळजवळ पूर्ण एक्स्पोजरला. लोंबलेला जबडा, अर्धे मिटलेले डोळे. आणि ज्योत स्थिर. एवढ्या जवळ जिवंत माणसाच्या श्वासाने ती थरथरते, म्हणून नटाने इथे सहा सेकंद श्वास रोखायचा. डोळे पूर्ण उघडे ठेवायला लावू नका, पापणी फडफडतेच.

नोकर तीन सेकंद थांबतो. ग्लास काठोकाठ भरतो. पुढच्या खुर्चीकडे जातो. उजेड त्याच्याबरोबर जातो आणि सरदार पुन्हा अंधारात. कट करू नका. आणखी पंधरा सेकंद जेवण चालू द्या. तेवढ्यात प्रेक्षक एकेका चेहऱ्यावर फिरून शोधतो, कोणाकोणाला आधीच माहीत होतं.

नोकराची चाल मेणबत्तीसह दहा वेळा तालमीत करून घ्या. हात ३० च्या ऐवजी ५० सेंटिमीटरवर राहिला तर चेहऱ्यावर चारच लक्स जास्त येतात आणि सगळा शॉट पडतो. खुर्चीच्या हातावर एक लहान खूण केली की मनगट आपोआप बरोबर जागी येतं. त्याने मेणबत्ती कॅमेरा आणि प्रेत यांच्या मधे आणायची नाही, पलीकडच्या बाजूने आणायची. नाहीतर त्याचीच बाही चेहरा झाकते. नटांना एकच सूचना पुरे: हसवायचं नाही, जेवायचं.

चेहरे आणि कपडे

त्या काळचे पांढरे रंगवलेले चेहरे सर्वसाधारण त्वचेपेक्षा एखादा स्टॉप जास्त उजेड परत फेकतात. त्या काळी त्यात शिसं असे. आज झिंक किंवा टायटॅनियमचा पांढरा वापरा. मेलेल्या सरदाराला पांढरा रंग लावू नका, तो आधीच चमकेल. राणीला लावा, ती सगळ्यात लांब आहे. साटन आणि चांदीची जर ज्योत पकडते, काळं मखमल अंधारात विरघळतं आणि वर नुसतं डोकं तरंगतं. वेशभूषाकार सँडी पॉवेल यांनी ‘द फेव्हरिट’च्या दरबाराला बराचसा काळा-पांढराच रंग दिला आणि नोकरांच्या कपड्यांना जुनं डेनिम वापरलं. अशा उजेडात रंग तसेही कळत नाहीत, कापडाचा पोत आणि उजळ-काळ्यातलं अंतर कळतं. चांदीची भांडी, काचेचे ग्लास भरपूर मांडा. प्रत्येकात एक छोटी ज्योत उमटते.

आवाजासाठी बूम आत येत नाही, म्हणून छोटे माइक विगमध्ये किंवा कॉर्सेटच्या वरच्या कडेला लपवा. रेशीम जोरात सळसळतं, कापडाला माइक टेकू देऊ नका. मेज लांब असेल तर फुलदाणीत एक माइक ठेवा.

आगीची काळजी

एक मेणबत्ती साधारण ८० वॉट उष्णता देते. साठ मेणबत्त्या म्हणजे जवळपास पाच किलोवॉट, एका बंद खोलीत. झुंबर छताजवळ असेल तर वर धातूचा पत्रा हवाच. ‘बॅरी लिंडन’मध्येही छत वाचवायला तो लावला होता, आणि तोच उजेड खाली परतवायचा. सिंथेटिक विग वितळून कातडीला चिकटतो. नोकराच्या मेणबत्तीजवळ येणाऱ्या प्रत्येकाला खऱ्या केसांचा किंवा घोड्याच्या केसांचा विग द्या, आणि हेअरस्प्रे मारल्यावर किमान अर्धा तास त्याला ज्योतीजवळ नेऊ नका. लेसच्या बाह्या मनगटाशी टाचून घ्या. एक माणूस फक्त आगीकडे बघायला, त्याला दुसरं काम नाही. त्याच्या हाताशी फायर ब्लँकेट आणि पाण्याचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. पावडरचा सिलिंडर आग विझवतो पण कपडे, कॅमेरा आणि जुनं सामान सगळं खराब करतो, तो शेवटचा उपाय म्हणून दाराशी ठेवा. ऐतिहासिक वास्तूत खऱ्या ज्योतीला परवानगी आहे का, हे लोकेशन ठरवण्याआधी लेखी विचारा. नसेल तर हा शॉट सेटवरच करा, कारण नोकराच्या हातातली ज्योत एलईडीची करून ती श्वासाची स्थिरता मिळत नाही.